रातव्याची अंडी

जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हापासून एक धडा मी दरवर्षी घाईघाईनं उरकते. वाळक्या पानासारखं फुलपाखरू, काटकीसारखा किडा, मुंगीचं सोंग घेणारा कोळी. पोरांना हा धडा फार आवडतो, आणि नेमका तोच मला आवडत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं, की अशा रंगरूपामुळे प्राण्यांचं शत्रूपासून रक्षण होतं. तेवढं वाक्य मी वाचते आणि पान उलटते. कोणी जास्त विचारलं तर खेकसते. पुस्तक लिहिणाऱ्यांनी लपून बचावलेले तेवढे धरले. लपून मेलेले त्यांना दिसलेच नसणार, त्यांचं ते काय लिहिणार?

हा धडा मी पुस्तकात वाचला त्याच्या खूप आधी माझ्या मोठ्या बहिणीनं मला शिकवला होता. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आंजीच्या बाजाराला पायी जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. घरी बाबा, माय आणि आम्ही दोघी. ताईची शाळा सातवीला सुटली आणि ती शेतात जायला लागली. ती नव्या जागी गेली की आधी थोडा वेळ गप्प उभी राहायची. मग हळूच बोट दाखवायची. मला तिथं काहीच दिसायचं नाही. ती माझं डोकं दोन्ही हातांनी धरून नीट त्या दिशेला वळवायची आणि तेव्हा कुठं फांदीचा घोयरा, रंग बदलणारा सरडा, व्हायचा.

आमच्या अंगणात लिंबाचं झाड होतं. त्याच्या पानांवर पाखराची शीट पडलेली असायची, काळी-पांढरी, ओलसर. एक दिवस ताईनं त्यातली एक शीट काडीनं टोचली आणि तिनं लाल शिंगं बाहेर काढली. ती अळी होती. मी किंचाळले, ताई हसून हसून बेजार झाली. जिवंत राहायचं तर कोणी पाखराच्या गूसारखं दिसायला तयार होतं, याची मला किळस आली होती. ताईला मात्र तिचं भारी कौतुक. आंब्याच्या खोडावर लाल मुंग्यांत मुंगी होऊन फिरणारा कोळीही तिनंच दाखवला. त्याला पाय आठ, पण पुढचे दोन वर धरून तो मुंगीच्या मिशा करायचा.

निंदणाच्या दिवसांत तर बायकांचं तिच्याशिवाय पान हलायचं नाही. जवारीत बरू उगवतो. कोवळेपणी तो थेट जवारीसारखा दिसतो, तीच पानं, तोच रंग. चांगल्या जाणत्या बायका जवारी उपटायच्या आणि बरू ठेवायच्या, आणि मग बाबांची बोलणी खायच्या. ताई नुसतं बोट बुडाशी घालून सांगायची. बरूची मुळी गाठीगाठीची असते आणि मातीखाली आडवी पळत जाते. वरून उपटला तरी खाली तुकडा राहतो, आणि तो राहिला की पुन्हा येतो.

पण तिचा खरा जीव होता रातव्यावर, रात्री उडणाऱ्या त्या पाखरावर. पाऊस लागायच्या आधी बाबा वखर चालवायचे आणि आम्ही पुढं धसकटं वेचत जायचो. एकदा ताई एकाएकी बैलांच्या समोर जाऊन हात आडवे करून उभी राहिली. बाबांनी कासरा ओढला आणि चिडून विचारलं, की झालं काय. ताईनं जमिनीकडं दाखवलं. बाबांना ढेकळं दिसली, मलाही ढेकळंच दिसली. मग त्यातल्या एका ढेकळाला डोळा असल्याचं माझ्या लक्षात आलं. मिटत आलेला, फटीएवढा. रातवा उघड्या जमिनीवर अंडी घालून त्यांच्यावर बसला होता. मी पुढं सरकणार तर ताईनं माझं मनगट धरलं.

"हालू नको," ती म्हणाली. "थो उडला का अंडे दिसते सगळ्याइले."

बाबांनी कटकट करत तेवढा तुकडा सोडून वखर फिरवला. घरी येताना ताईनं मला समजावलं, की रातवा भितो म्हणून बसून राहत नाही. त्याला पंख आहेत, तो केव्हाही उडू शकतो. पण त्याच्या अंगाखाली जे आहे त्याला पंख नाहीत.

ताईला सोळावं लागलं त्या उन्हाळ्यात तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, एक फिकट चट्टा आला. तोही पहिल्यांदा तिलाच दिसला. टिकलीएवढा असताना तिनं मला दाखवला आणि मी तिला घोयरा म्हणून चिडवलं. सगळ्यांना वाटलं, उन्हानं झालं असेल. मायनं कडुलिंबाचा पाला वाटून लावला, करंजीचं तेल लावलं. चट्टा वाढत वाढत रुपयाएवढा झाला. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून आम्ही निवांत होतो. मग एकदा भाकरी शेकताना तापलेला चिमटा ताईच्या हाताला नेमका तिथं टेकला आणि ती बोलतच राहिली. मायनं तो चिमटा बाजूला केला. 

तेव्हा गावात कुष्ठरोगाला महारोगच म्हणत, आणि तेही कोणी मोठ्यानं म्हणत नसे. त्यावर गोळ्या तेव्हाही मिळत होत्या. आमच्याच जिल्ह्यात, वर्ध्याजवळ, त्याचा दवाखाना होता आणि कुठून कुठून माणसं तिथं यायची. आमच्या घरापासून तो एसटीच्या एका फेरीवर होता. पण ताईचं लग्न आंजीच्या पलीकडच्या एका घरात ठरत आलेलं होतं. घर चांगलं, विहीर असलेली शेती, मुलगा निर्व्यसनी. दवाखान्याच्या फाटकातून आत जाताना कोणी बघितलं असतं तर ते लग्न तर मोडलंच असतं, आणि पुढं माझंही झालं नसतं. मायनं हे सगळं मनातल्या मनात तोलून पाहिलं असणार. मला आणि बाबांना तिनं एवढंच सांगितलं, की पोरीला गोंदून घ्यायचं आहे.

लग्नाआधी पोरीला गोंदणं यात कोणाला काही वावगं वाटण्यासारखं नव्हतं. मेल्यावर सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं, असं आमच्याकडे मानत. गोंदणारी बाई आली, अंगणात पोतं टाकून बसली. आधी तिनं माझ्या हनुवटीवर एक ठिपका दिला आणि मी सारं गाव गोळा होईल असं भोकाड पसरलं. मग ताई बसली. मायनं सांगितलं, की तुळशीचं झाड काढ, भरीव काढ, आणि खाली कुंडीही काढ. ती कुंडी नेमकी चट्ट्यावर येणार होती.

तुळशीच्या पानांपाशी ताई ओठ चावत होती. बाई कुंडीपाशी आली तेव्हा ताईनं ओठ सोडले. सुई आत-बाहेर होत होती, रक्त येत होतं आणि ताई लिंबाच्या झाडाकडं बघत होती. बाईनं सुई थांबवली. तिनं ताईच्या तोंडाकडं बघितलं, मग मायकडं.

"थांबू नको बाई," माय म्हणाली. "पुरं करून टाक."

बाईनं कुंडी काळीशार भरून दिली. मायनं तिला सुपात जवारी घातली, वर गुळाचा खडा ठेवला. जाताना ती म्हणाली, की तुमची पोरगी फार सोशीक आहे. माय हसली. मला त्या हसण्याचा आजही राग येतो, आणि मायची कीवही येते. तिला दुसरं काय करता येत होतं ते मला अजून सांगता आलेलं नाही.

लग्नाला काही दिवस उरले होते आणि गावात सर्व्हेवाले आले. रोग तपासणारी माणसं होती ती. घरोघरी जाऊन, माणसांना अंगणात उजेडाला उभं करून, पाठ, हात, पाय, कानाच्या पाळ्या बघायची. आमच्या घरी आलेला माणूस बोलायला चांगला होता, वयस्कर होता. त्यानं बाबांना बघितलं, मला बघितलं. ताई दोन्ही हात पुढं करून उभी राहिली. तिनं पदर घेऊन झाकलं असतं तर त्याला शंका आली असती. तिनं काहीच झाकलं नाही. तो हात उलटा-सुलटा करून बघत होता आणि ताई पापणीही हलवत नव्हती. हे ती कुठून शिकली होती ते मला माहीत होतं.

तो म्हणाला, की गोंदण नवं दिसतं. मायनं सांगितलं, लग्न आहे. तो "बरं बरं" म्हणाला, आशीर्वाद दिल्यासारखं काहीतरी बोलला आणि शेजारच्या अंगणात गेला. बाबांची नजर ढेकळांवरून जशी गेली होती तशीच त्याची नजर ताईच्या हातावरून गेली. त्या दिवशी मायनं शेवया केल्या. आम्ही सगळे पोटभर जेवलो.

ताई सासरी गेली. पुढच्या वर्षी वखराच्या वेळी बैलांसमोर उभं राहायला कोणी नव्हतं. बाबा धुऱ्याजवळून, शेताच्या बांधापासून, परत फिरले तेव्हा बैलाच्या खुराखाली काहीतरी मऊ लागलं म्हणाले. मी जाऊन बघितलं. रातवा शेवटपर्यंत उडाला नव्हता. पंख पसरून मातीत दाबला गेला होता आणि अंड्यांचं नुसतं ओलं उरलं होतं. बाबा म्हणाले, की मले कसा दिसणार थो. खरंच होतं ते. रातव्याला दिसायचंच नव्हतं.

ताईला मुलगी झाली. बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ होत नव्हतं. तिनं त्यावरही युक्ती काढली होती. हात सतत बाळाच्या दुपट्यात ठेवायचा, नाहीतर पदराचा शेव त्या दोन बोटांत धरून ठेवायचा. बघणाऱ्याला वाटावं, लाजते आहे. मायला मात्र ते न सांगता कळलं. तिनं विचारलं नाही, ताईनं सांगितलं नाही, आणि बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर ताई परत गेली.

पोरगी चालायला लागली त्या वर्षी सगळं उघडं पडलं. ताईनं चुलीवरून वरणाचा गंज उतरवला, फडकं न घेता. कातडी जळाल्याचा वास आधी सासूच्या नाकाला गेला. ताई गंज धरून बोलत होती, मीठ घालायचं राहिलं की काय असं काहीतरी. सासूनं आधी तो हात बघितला आणि मग तिचं तोंड बघितलं. त्याच आठवड्यात भाऊजी तिला एसटीनं घेऊन आले. पेटी ओट्यावर ठेवली, पाणीही प्यायले नाहीत. शिवी नाही, आरडाओरडा नाही. सासरहून निघताना पोरगी ताईच्या कडेवर होती ती सासूनं उतरवून घेतली, एवढं ताईनं मला सांगितलं. परत बोलावणं कधीच आलं नाही. वर्षभरात भाऊजींनी दुसरी केली.

आता दवाखान्यात जायला कोणाची भीती नव्हती. डॉक्टरांनी गोंदण बघितलं, कुंडीवर टाचणी टोचून बघितली. मग म्हणाले, की नुसता चट्टा होता तेव्हा आणलं असतं तर बोटं वाचली असती. रोग जाईल, बोटं सरळ होणार नाहीत. माय बाहेर बाकावर बसली होती, तिला आम्ही यातलं अर्धंच सांगितलं. पुढं काही वर्षांनी नव्या गोळ्या आल्या. त्या गोळ्यांनी ताईचं अंग काळं-तांबूस पडलं. ताई म्हणाली, "आता खरी घोयरा झाली मी."  गोळ्या संपल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की तुमच्यापासून आता कोणालाही काही होणार नाही. गावाला हे सांगायला डॉक्टर येणार नव्हते. ताईची थाळी आधीच वेगळी झालेली होती, ती तशीच राहिली. नंतर ती आपणच शेतातल्या खोपडीत राहायला गेली.

त्या वर्षांत मी वर्ध्याला शिकत होते. सुट्टीत घरी आले की आंजीच्या बाजारात वांगी विकायला बसायचे. ताई माझ्या मागं, पोत्यांच्या आडोशाला, हात पदराखाली घेऊन बसायची. तिच्या हातचं कोणी घेतलं नसतं, म्हणून तराजू माझ्याकडं. ती बाजाराला का येते हे मला माहीत होतं. तिच्या सासरचं गाव याच बाजाराला यायचं. एखाद्या बाजाराला तिला तिची पोरगी लांबून दिसायची, सवतीच्या मागं मागं चालणारी. त्या दिवशी ताई घरी जाईपर्यंत काहीबाही बोलत राहायची. मी एकदा म्हटलं, जाऊन बोल तरी तिच्याशी.

"तिले उद्या पाह्यले येतीन," ताई म्हणाली. "तुही माय कोण, म्हून विचारतीन. मी नाई दिसली तेच बरं हाये."

 मायनं केलेला हिशोबच तिनं पुन्हा केला होता, आणि यावेळीही मला तो खोडून काढता आला नाही.

एका बाजाराला त्या दोघी थेट आमच्या दुकानापाशीच आल्या. सवत ताईला ओळखत नव्हती, मलाही नाही. पोरगी दहाएक वर्षांची झालेली, हनुवटी हुबेहूब ताईची. ताई पोत्याला टेकून पोतंच झाली होती. पोरीची नजर तिच्यावरून गेली, माझ्यावरून गेली आणि वांग्यांवर आली. तिनं वांगं उचलायला डावा हात पुढं केला.

हातावर गोंदण होतं. एवढ्या वयाच्या पोरीला कोणी फार तर कपाळावर, हनुवटीवर ठिपका देतं. हे मनगटाच्या वर चांगलं तळहाताएवढं, भरीव, नवं, खपली नुकतीच पडलेली. त्याच्या कडेला कातडी फिकट होती की वरच्या फाटक्या पालातून ऊन पडलं होतं, मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. ताईला माझ्याआधी दिसलं असणार.

ती उठली. जन्मभर मला हालू नको म्हणणारी ताई उठली, पुढं आली, आणि पदराखालून हात काढून तिनं तो त्या बाईच्या डोळ्यांसमोर धरला.

"पोरीले दवाखान्यात नेजो," ती म्हणाली. "त्या गोंदणाखाली काय हाये ते दाखव त्याइले. आता गोळ्यानं बरं होते. हे असं होऊ देऊ नको."

बाई मागं सरली. आजूबाजूची माणसंही सरली, आमच्याभोवती रिकामी जागा झाली. बाईनं विचारलं, की तू कोण सांगणारी.  उत्तर शेजारच्या मिरचीवालीनं दिलं.

"अवं, हे तं हिचीच माय होय."

पोरीनं ताईच्या हाताकडं बघितलं. मग तिनं वांगं खाली ठेवलं आणि आपला हात पोलक्याला पुसला. सवतीनं तिला दंडाला धरून ओढत नेलं. त्या गर्दीत आता प्रत्येकाला ठाऊक होतं, की ही पोरगी कोणाची.

मी दवाखान्यात जाऊन सांगितलं. तिथला माणूस त्या गावी जाऊन आला. घरच्यांनी त्याला सांगितलं, की पोरगी इथं नसते, मामाकडे असते. मामाचं गाव कोणतं, तर कोणी यवतमाळकडचं सांगितलं, कोणी चंद्रपूरकडचं. मीही गेले होते, तर भाऊजी दारातच म्हणाले, "आमच्या घरी पोरगी नाई." ताई उठली नसती तर पोरगी निदान बाजारात तरी दिसली असती. आणि ती उठली नसती तर मी तिला जन्मात माफ केलं नसतं. यातलं कुठलंही एक धरून मला झोप लागत नाही. गोंदणाखाली काही होतं की ते नुसतं हौसेचं गोंदण होतं, हेही आम्हाला कधी कळलं नाही.

ताईनं बाजार सोडला. सुट्टीत मी खोपडीवर गेले की ती धुऱ्यावर बसलेली असते, काळ्या मातीवर काळी, आणि जवळ जाईपर्यंत मला दिसत नाही. रातवा अजून त्या शेतात अंडी घालतो, पण ती आता मला दाखवत नाही, आणि मीही विचारत नाही. मी शेजारी बसले की ती एकच गोष्ट विचारते.

"पोरीचं काई समजलं काय?"

मी नाही म्हणते. मग ती चहा ठेवायला उठते. चुलीवरून भांडं मी उतरवते.